सतरा नंबरचा बिल्ला

एनेजोर बेट
१८ ऑगस्ट १९५७

नेइतोक, योक्वे.

आम्ही पोचलो. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, रडलं कुणी नाही. जहाजाच्या शिडीवरून उतरताना मला वाटलं होतं की पाय आपल्या वाळूला लागले की काहीतरी होईल. काही झालं नाही. वाळू गरम होती, एवढंच. तीन वर्षं परक्या बेटावर परक्या विहिरीचं पाणी पीत रोज घराचं नाव घेतलं, आणि घरी आल्यावर पहिला विचार आला तो हा, की माझ्या चपला कुठे राहिल्या.

नवी घरं बांधून दिली आहेत. शाळेत पोरांना उभं करतात तशी एका ओळीत, सगळी सारखी. माझा नवरा म्हणतो, "कुठलं आपलं ते कळायला दारावर मासा टांगून ठेवावा लागेल." लाबानेचे विनोद तुला माहीतच आहेत. तरी कोणीतरी हसलं म्हणून बरं वाटलं.

जोरी ओळीतल्या शेवटच्या घरापर्यंत पळत गेली आणि परत आली. पाच वर्षांची होत आली, पण अजून माझ्या मांडीपर्यंतच येते. तिच्या मागून जन्मलेली पोरं तिला बाहुलीसारखी उचलून फिरवतात आणि ती चिडते. त्या सकाळी पांढरी भुकटी पडली तेव्हा ती दीड वर्षाची होती. वाळूत बसून ती भुकटी अंगाला फासत होती आणि मी हसत होते. आम्ही सगळेच हसत होतो. बॉम्बची भुकटी कशी असते हे कुणाला माहीत होतं? तू माजुरोला शाळेत होतीस म्हणून सुटलीस.

जहाजावरच्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, नारळी खेकडा खायचा नाही, बाकी सगळं चालेल. थोरली आई पुढे झाली. आपली आई गेल्यापासून कुळात तीच मोठी, जमीनही तिच्याच शब्दावर. ती म्हणाली, "खेकडा खातो काय? नारळ. मग नारळ चालतो आणि खेकडा नाही, ते कसं?" दुभाष्याने डोकं खाजवलं आणि साहेबाला ते सांगितलंच नाही.

जुन्या जागी आरारूट आपोआप उगवला होता. आम्ही कंद खणले, धुतले, पीठ वाळवलं. खाताना तोंडात जरा चुरचुरतं, पूर्वी तसं होत नसे. एक पिशवी तुला पाठवते आहे. बोट रिकाम्या हाताने जाऊ द्यायची आपल्याकडे रीत नाही. पण या वेळी माझा त्यात स्वार्थ आहे. तू त्या भुकटीच्या मोजणीच्या ऑफिसात टायपिंग करतेस, डॉक्टरांचं बोलणं तुझ्या कानावर पडतं. खाऊन बघ आणि मला खरं सांग. तू खाल्लंस तर मी जोरीला निर्धास्त देईन. आणि देवाने दिलं तर पुढच्यालाही.

तुझी ताई,
लिमार

•

माजुरो
३ नोव्हेंबर १९५७

ताई, योक्वे.

पीठ मिळालं. त्याच दिवशी नारळाच्या दुधात शिजवलं. काय चव होती म्हणून सांगू! शेजारणीला वाटीभर दिलं, तर तिने वाटी चाटून परत केली. चुरचुरत-बिरचुरत काही नाही. तुझं तोंडच परक्या बेटावरचे डबे खाऊन नाजूक झालं असेल.

आता कामाचं ऐक. जानेवारीत डॉक्टरांचं जहाज येईल. त्यात मी नसेन, दुभाष्या दुसरीकडचा आहे, म्हणून आधीच लिहिते. प्रत्येक मोठ्या माणसाला एकेक बिल्ला मिळेल. काडेपेटीएवढा, आत फिल्म असते. जे डोळ्याला दिसत नाही ते त्या फिल्मला दिसतं. तो छातीवर लावायचा. मासे धरताना, स्वयंपाक करताना, चर्चमध्येसुद्धा. सहा महिन्यांनी जहाज ते परत घेऊन जाईल. फिल्म जेवढी काळी, तेवढं बेट वाईट. स्वच्छ निघाल्या तर साहेब सही करतील की एनेजोर राहायला ठीक आहे. काळ्या निघाल्या तर तुम्हाला हलवावं लागेल.

माझ्या ऑफिसात म्हणतात, बिल्ला कधी खोटं बोलत नाही. म्हणून तू नक्की लाव. लाबानेलाही लावायला सांग, तो कुठेतरी मासळीच्या टोपलीत विसरेल.

मला टायपिंगचं नवीन यंत्र मिळालं आहे. साहेब म्हणतात माझ्याइतकं बिनचूक टाइप करणारं इथे कुणी नाही. एवढी बढाई तुझ्यापाशी चालेल ना?

जोरीसाठी रिबन पाठवते, आणि तुझ्यासाठी सुया.

नेइतोक

•

एनेजोर
१२ मे १९५८

नेइतोक, योक्वे.

तुझं पत्र आल्यापासून आम्ही आरारूट रोज खातो. तू खाल्लंस म्हणाल्यावर मी शेजारच्या तिन्ही घरांत सांगितलं. जोरी तर दोन-दोन वाट्या मागते. तोंडाला फोड येतो कधीकधी, मग एक दिवस थांबतो.

बिल्ले आले. चाळीस. जहाज घाईत होतं. दुभाष्या किनाऱ्यावर उभा राहून म्हणाला, "छातीवर लावा, सहा महिन्यांनी परत द्या." साहेबाने चाळीसच्या चाळीस थोरल्या आईच्या नावावर लिहिले आणि तिच्या हातात दिले, कारण कुळाची मोठी तीच. साहेबासमोर तिने ते सगळ्यांना वाटले, पण त्या चमकत्या डब्यांकडे बघत राहिली. जहाज वळलं तशी तिने सगळ्यांचे बिल्ले परत गोळा केले.

मी म्हटलं, "थोरले आई, ते लावायला सांगितलंय."

"सांगणारच," ती म्हणाली. "पाहुणा वस्तू ठेवून जाताना वापरा म्हणतोच. म्हणून आपण वापरायची? उद्या माशाचा वास लागलेली, घामेजलेली वस्तू त्याच्या हातात देणार? एनेजोरची बायका-माणसं परक्याची ठेव अशी परत करतात?"

लाबाने एक लावून मासे धरायला गेला होता. तिने त्याला सगळ्यांसमोर असा झापला की तो दोन दिवस तिच्या वाटेला गेला नाही. मग तिने बिल्ले खोबरेल लावलेल्या फडक्याने पुसले, तिच्या लग्नाच्या चटईत, तिच्या आईने विणलेल्या केवड्याच्या त्या बारीक चटईत गुंडाळले, आणि लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवले. दर रविवारी चर्चहून आल्यावर काढते, पुसते, परत ठेवते. एकावर धूळ नाही.

मी तिला पुन्हा काही बोलले नाही. तुला कळेल. तिच्यापुढे कोण बोलणार? पण तू एवढं लिहिलं होतंस म्हणून मी एक काढून घेतला आहे. सतरा नंबर. चटईत त्याच्या जागी लाबानेने तासून दिलेली लाकडाची चकती ठेवली आहे. झग्याच्या आतून टाचते, म्हणजे तिला दिसत नाही. जहाज येण्याआधी परत ठेवीन.

तू लिहिलंस म्हणून, आणि आणखी एका कारणाने. मला सहावा महिना आहे. हे तुला पत्राच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं असं म्हणशील, पण आधीची दोन पोटात टिकली नव्हती, म्हणून तोंडातून काढायची भीती वाटली. बिल्ला बरोबर पोटाच्या वर येतो. काय दिसतंय ते त्याला दिसू दे.

गेल्या आठवड्यात पश्चिमेला पुन्हा गडगडलं. भांडी वाजली. कोंबड्या गप्प झाल्या. आम्ही सगळे दारात उभे राहून आकाशाकडे बघत होतो, काही पडतंय का. काही पडलं नाही. मग जेवायला बसलो.

लिमार

•

माजुरो
२० सप्टेंबर १९५८

ताई, योक्वे, योक्वे!

तुझं पत्र नाही. खोबऱ्याची बोट वाटेत बंद पडून कुठल्याशा बेटाला लागली आहे म्हणतात, टपाल तिच्यातच अडकलंय. पण मी थांबत नाही. बातमीच तशी आहे.

बिल्ले आले आणि फिल्म धुतल्या. स्वच्छ! साहेब स्वतः टेबलापाशी आले आणि म्हणाले, "तुझ्या माणसांचं अभिनंदन." इथल्या ऑफिसच्या भिंतीवर टांगलेल्या बिल्ल्यापेक्षाही त्या स्वच्छ आहेत म्हणे. त्यांनाच नवल वाटलं.

एकच काळी निघाली. साफ काळी, कोळशासारखी. साहेब हसले. म्हणाले, कुणीतरी चुलीपाशी ठेवली असेल नाहीतर फिल्मच मुळात खराब असेल. एकोणचाळीस एक सांगतात आणि एक दुसरं सांगते, तर कुणाचं ऐकायचं? मलाही पटलं. नावं नव्हतीच, सगळे थोरल्या आईच्या नावावर. मी टाइप केलं, "क्र. १७, सदोष, हिशेबातून वगळावा." एकही चूक न करता.

एनेजोर राहण्यास योग्य, असा कागद झाला. आता तुम्हाला कुणी हलवणार नाही. लाबानेला सांग, दारावर मासा कायमचा टांग. आणि तू आता जोरीला भावंड कधी देतेस? सहा वर्षांची होईल. एकटी किती दिवस खेळेल?

नेइतोक

•

माजुरो
९ डिसेंबर १९५८

ताई,

तुझं मे महिन्यातलं पत्र काल मिळालं. पाण्याने शाई पसरली आहे, पण सगळं वाचता येतं.

सतरा नंबर मी टाइप केला होता.

 पुढे काय लिहायचं ते कळत नाही. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते, ऑफिसात लिहिते तसं.

आज सकाळी साहेबांकडे गेले. म्हटलं, एकोणचाळीस बिल्ले पेटीत होते, माणसांच्या अंगावर एकच होता. ते म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, बहिणीने. ते म्हणाले, बहिणीच्या पत्रावर अहवाल बदलत नाही. बिल्ले जिच्या नावावर दिले त्या बाईने लिहून दिलं तर बघू.

म्हणजे थोरल्या आईने लिहून द्यायला हवं की तिची चूक झाली. तिला हे सांगणार कोण? तुलाच सांगावं लागेल. तिने आयुष्यात कुणापुढे चूक कबूल केलेली नाही. मला ठाऊक आहे मी काय मागते आहे.

आणखी एक. मी ते पीठ खाल्लं नव्हतं.

पिशवी घरी आणली, उघडली, वास घेतला. आपल्या घराचा वास आला. आणि मला भीती वाटली. ऑफिसात जे कानावर पडतं त्याने भीती वाटली. मी मागच्या अंगणात खड्डा केला आणि पुरलं. शेजारणीची वाटीही खोटी. तू एवढ्या लांबून पाठवलेलं अन्न मी टाकलं असं तुला कसं लिहू? आपल्यात कुणी असं लिहितं? म्हणून चव छान होती असं लिहिलं. तू ते जोरीला खायला घालणार हे तू स्वच्छ लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं.

बाळ कसं आहे, ताई? आतापर्यंत चार महिन्यांचं झालं असेल. कसं आहे ते लिही.

नेइतोक

•

एनेजोर
२२ फेब्रुवारी १९५९

नेइतोक,

तुझी दोन्ही पत्रं एकाच बोटीने आली. आनंदाचं आधी उघडलं.

बाळ ऑगस्टमध्ये झालं. मुलगा की मुलगी ते सुईणीला सांगता आलं नाही. हाडं नव्हती. कातडी पाण्यासारखी होती आणि आतलं काळीज दिसत होतं. ते चालू होतं. दुपारपर्यंत चालू होतं. मी बघत होते. लाबानेला आत येऊ दिलं नाही.

थोरल्या आईने पेटी उघडली आणि ती चटई काढली. बिल्ले परत गेले होते, चटई रिकामीच होती. तिच्यात गुंडाळलं. तिने कुणाला विचारलं नाही, आणि तिच्या लग्नाची चटई मातीत गेली म्हणून कुणी काही बोललं नाही. वर्ष झालं की आपण बाळाचं जेवण घालतो, गाव बोलावतो. तो दिवस ऑगस्टमध्ये येईल. येईल तसा जाईल.

तुझं दुसरं पत्र वाचल्यावर तुझा राग यायला हवा होता. मी पायरीवर बसून वाट पाहिली. आला नाही. आत कुठे काही हलतच नाही अलीकडे. जोरी पडली, गुडघा फुटला, मी पट्टी बांधली, आणि नंतर लक्षात आलं की तिला जवळ घ्यायचं राहिलं. तू असा विचार करू नकोस की मी तुला माफ केलं. केलं की नाही ते मलाच माहीत नाही. पीठ टाकलंस ते बरं केलंस. सांगायला हवं होतंस.

दोन्ही पत्रं मी थोरल्या आईला वाचून दाखवली. सगळं, पीठ सोडून. ती चटई विणत होती. माझं वाचून झालं तरी विणत राहिली. हात न थांबवता म्हणाली, "मी पाहुण्याची ठेव जपली."

"हो, थोरले आई."

"आणि त्यांनी त्या ठेवीवरून आपल्याला मोजलं?"

"हो."

"पुन्हा वाच. भिंतीवरच्या बिल्ल्यापेक्षा स्वच्छ म्हणाला तो?"

"तसंच लिहिलंय."

मला वाटलं ती उठून आत जाईल. तिने कागद मागितला. रविवारी चर्चनंतर, सगळ्यांसमोर, बाकावर बसून स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.  तो कागद सोबत आहे. बघ काय लिहिलंय: "चाळीसपैकी एकोणचाळीस बिल्ले माझ्या पेटीत होते. कुणाच्या अंगावर नव्हते. लावा म्हणून सांगितलं असताना मी लावू दिले नाहीत. चूक माझी. माझी पेटी स्वच्छ आहे. तिच्यात राहता येत असतं तर आम्ही सुखाने राहिलो असतो. अंगावर एकच होता, त्याचं ऐका."

  

मला तुझ्या साहेबाला एकच विचारायचं आहे. सतरा नंबर माझ्या अंगावर होता. फिल्म कोळशासारखी झाली. मग माझ्यात किती आहे? जोरीत किती आहे? हे सांगायला त्याच्याकडे एखादा आकडा असेलच.

बोट रिकामी पाठवत नाही. आरारूटचीच पिशवी पाठवते. तुझ्यासाठी नाही, घाबरू नकोस. तुझ्या साहेबासाठी आहे. त्याच्या टेबलावर ठेव. म्हणावं, एनेजोरच्या माणसांनी कागदाबद्दल आभार मानले आहेत. नारळाच्या दुधात छान लागतं. खाऊन सांगा.

लिमार

•

माजुरो
४ एप्रिल १९५९

ताई, योक्वे.

तू लिहिलंस तसं केलं.

थोरल्या आईचा कागद वाचून दाखवला. साहेबांनी ऐकलं, मान हलवली. मग मी पिशवी टेबलावर ठेवली. "हे काय?"

"एनेजोरचं पीठ. माझ्या बहिणीने तुमच्यासाठी पाठवलंय. तुमच्या कागदाप्रमाणे चालतं."

त्यांनी हात पुढे केला. मग मागे घेतला. खण उघडला, रबरी हातमोजे काढले, दोन्ही हातांत घातले, आणि मग पिशवी उचलली. दोन बोटांनी. पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. मग माझ्याकडे बघितलं. मी हे सगळं बघत होते हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. वाईट माणूस नाही तो, ताई. कान लाल झाले त्याचे.

सही करताना हातमोजे घातले होते का, असं विचारायला हवं होतं. ते आत्ता लिहिताना सुचतंय.  तेव्हा मी फक्त तुझ्या आकड्याचं विचारलं. ते म्हणाले, तसा आकडा नाही, त्यासाठी तुला आणि जोरीला तपासावं लागेल, आणि अहवाल पुन्हा वरती पाठवावा लागेल, वर्ष लागेल, कदाचित दोन. नवीन बिल्ले येतील. मी यंत्रावर झाकण घातलं आणि घरी आले. उद्यापासून तिथे जाणार नाही.

मला आता त्यांचा कागद नको. इथे माझी एक खोली आहे, तुम्ही तिघं मावाल. खोबऱ्याच्या बोटीच्या कप्तानाशी बोलून ठेवलं आहे, येत्या फेरीला तो तुमच्या जागा धरेल. थोरल्या आईला विचार. ती येणार नाही हे मला माहीत आहे, तरी विचार. तिला सांग की तिचा कागद मी सोडलेला नाही, तिच्या अक्षरातला तसाच माझ्यापाशी आहे. साहेबांना नक्कल दिली.

तू रागावशील कधीतरी. ये आणि इथे रागव. मी घरातच असेन.

आणि एक ऐक. निघताना काही घेऊ नकोस. पीठ नको, नारळ नको, सुकवलेले मासे नको, माझ्यासाठी म्हणून विणायला घेतली असशील ती चटईसुद्धा नको. जोरीचे कपडेही तिथेच टाक, मी इथे शिवते आहे. कप्तान हसेल, बोटीवरची माणसं बघत राहतील. बघू दे.

रिकाम्या हाताने ये, ताई.

नेइतोक